पुनर्बांधणीनंतरचे अस्थिर इंजिन आणि निदानाचे ज्ञान : प्रीमियर पद्मिनीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
मोटार उद्योगाचा इतिहास लिहिताना कारखाना, भांडवल आणि शासकीय धोरण यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. बिघडलेले यंत्र पुन्हा चालते करणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाला मात्र त्यात क्वचितच स्थान मिळते. पुनर्बांधणी केलेले इंजिन मंद गतीवर, म्हणजेच आयडलवर, थरथरते अथवा 'मिस मारते', या एका दोषाच्या निदानावरून त्या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुंबईशी निगडित असलेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीचे उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वालचंद हिराचंद यांनी इ.स. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याखाली मोटारी तयार होऊ लागल्या. इ.स. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि नव्या मोटारीसाठी ग्राहकास वर्षानुवर्षे थांबावे लागे. परिणामी, जुने इंजिन टाकून देणे परवडणारे नव्हते. सिलिंडरचे बोरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन व नव्या रिंगा बसविणे आणि व्हॉल्व्ह घासून घेणे हे गॅरेजचे नेहमीचे काम झाले. पुनर्बांधणी ही टंचाईच्या अर्थव्यवस्थेची निर्मिती होती, असे म्हणता येईल.

दोषाचे स्वरूप :
पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे होते. आयडलवर कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते. इंजिनात फारच थोडे मिश्रण जाते आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात स्थिती निर्माण होते. अशा वेळी सांध्यातून शिरणारी थोडीशी हवादेखील मिश्रण बिघडविते. वेगात असताना झाकला जाणारा एका सिलिंडरचा अशक्तपणाही येथे उघडा पडतो. म्हणूनच आयडल ही पुनर्बांधणीची खरी परीक्षा ठरते.

निदानाची पद्धती :
या परीक्षेत निदानाचा क्रम निर्णायक असतो. प्रथम प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने जोडल्या आहेत काय, हे पाहिले जाते. नंतर एकेक प्लग निकामी करून आवाज ऐकला जातो. ज्या सिलिंडरचा प्लग बंद केल्यावर इंजिनाच्या गतीत फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नाही. त्याचा प्लग आणि वायर निर्दोष असल्यास कॉम्प्रेशन मोजावे लागते. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब वाढला तर संशय रिंगांवर जातो. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केटवर. शेजारच्या दोन्ही सिलिंडरचा दाब कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याची शक्यता अधिक असते. टॅपेटची फट फार कमी ठेवली गेल्यास गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टायमिंग चेनच्या खुणा एका दात्याने चुकल्यास सर्वच सिलिंडर मंदावतात. नव्या रिंगा बसण्यास काही अंतर चालावे लागते, हेही अनुभवी कारागीर ध्यानात घेतो.

यांत्रिक बाजू निर्दोष ठरल्यावर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट व स्पार्कची वेळ, त्यानंतर मॅनिफोल्डचे सांधे तपासले जातात. सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायचा असतो. आरंभीच स्क्रू फिरविल्यास थरथर काही काळ कमी होते. परंतु मूळ दोष झाकला जातो आणि त्याची किंमत पुढे पेट्रोलच्या रूपाने टॅक्सीचालकास मोजावी लागते. दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या चालकाच्या दृष्टीने निदानाचा हा क्रम उपजीविकेचा प्रश्न होता.

परिवर्तन :
कार्ब्युरेटरची जागा पुढे इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. अमेरिकेत इ.स. १९९६ पासून नव्या मोटारींत प्रमाणित स्वयंनिदान यंत्रणा बंधनकारक झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. आता स्कॅनरवर 'पी०३०१' असा संकेत उमटला की पहिला सिलिंडर मिस मारतो आहे, हे कळते. पूर्वी कानाने होणारे काम यंत्र करू लागले. परंतु तो सिलिंडर रिंगमुळे, व्हॉल्व्हमुळे की प्लगमुळे बिघडला, हे त्या संकेतावरून समजत नाही. त्यासाठी जुन्याच तपासणीकडे वळावे लागते. तंत्रज्ञान बदलले तरी निदानाचे तर्कशास्त्र कायम राहिले आहे.

समारोप :
३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झाली. तिचे काही नमुने जतन होतील. मात्र तिला चालती ठेवणारे ज्ञान वस्तुसंग्रहालयात ठेवता येत नाही. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे, हात आणि कान यांच्या शिक्षणातून संक्रमित झाले. लिखित साधनांवर विसंबणाऱ्या इतिहासलेखनातून असे ज्ञान सहज निसटते. ते जाणणारे वृद्ध कारागीर हयात असतानाच मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्याची नोंद होणे अगत्याचे आहे. अन्यथा कामगार इतिहासात कारखान्यातील श्रमिक दिसेल. परंतु त्याने घडविलेले यंत्र पुढे अनेक दशके जिवंत ठेवणारा गॅरेजमधील कारागीर अदृश्यच राहील.