हुजूरपागा: अकरा ते पाचचं भांडण

मुलांसाठी हायस्कूल निवडायचं म्हटलं की घरात काय बोललं जातं? बोर्ड कोणतं, फी किती, बस दारात येते का. १८८४ च्या पुण्यात मात्र मूळ प्रश्नच वेगळा होता: मुलींना हायस्कूल हवंच कशाला?

मुलींची शाळा पुण्याला नवी नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्येच भिडेवाड्यात ती काढली होती. पण प्राथमिकच्या पुढे काय? त्यासाठी न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक अशी मंडळी एकत्र आली आणि मुलींचं हायस्कूल सुरू झालं. जागा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची, म्हणून शाळेला लोक हुजूरपागा म्हणू लागले.

आणि वाद पेटला. टिळकांनी चिपळूणकरांसोबत १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं होतं. पण मुलींना मुलांसारखंच इंग्रजी वळणाचं शिक्षण द्यायला त्यांचा विरोध होता. शाळेच्या अकरा ते पाच या वेळेवरही आक्षेप होता. मुलगी दिवसभर शाळेत बसली, तर घरकाम कधी शिकणार? त्यांचेच जुने सहकारी आगरकर मात्र म्हणत होते की मुलगा-मुलगी दोघांना एकच शिक्षण द्या.

वेळेवरून एवढं भांडण का? कारण तेव्हा हायस्कूलचं वय म्हणजे सासरी जायचं वय. १८९१ च्या कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा केलं, तर त्यावरही रान उठलं. म्हणजे भांडण घड्याळाचं नव्हतंच. मुलीचा दिवस कुणाचा, तिचा स्वतःचा की घराचा, हे ठरायचं होतं.

हुजूरपागा टिकली. लक्ष्मी रोडवर आजही भरते.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीच्या आधी वेळापत्रक मागा. खेळाचा तास खरंच होतो का? प्रयोगशाळेत मुलं स्वतः हात लावतात की लांबून बघतात? मैदानावर मुलीही दिसतात का? आपलं मूल पुढे कोण होणार, याबद्दल शाळेला काय वाटतं, ते जाहिरातीपेक्षा वेळापत्रकात लवकर कळतं. आणि हो, निवडताना त्या मुलालाही विचारा. १८८४ मध्ये मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात!