वार्धक्यातील क्षीणता

वार्धक्यातील क्षीणता : शरीराची राखीव शक्ती अनेक अंगांनी एकाच वेळी घटून साध्या दुखण्यातूनही सावरणे कठीण होते, अशी उतारवयातील अवस्था. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘फ्रेल्टी’. ऐंशीच्या घरातला एक माणूस चार दिवसांच्या तापानंतर पुन्हा फिरायला जाऊ लागतो, तर त्याच वयाचा दुसरा अंथरूण धरतो. हा फरक वयाच्या आकड्यावरून उलगडत नाही. घरात मात्र ‘आताशा थकलेत, वयच झालं’ एवढेच म्हटले जाते आणि उपाय करण्याचे महिने हातचे जातात.

निकष : या अवस्थेला मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मोजमाप मिळाले ते २००१ मध्ये. अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारांच्या एका दीर्घकालीन पाहणीतील, ६५ आणि त्यापुढील वयाच्या ५,३१७ स्त्रीपुरुषांची माहिती तपासून पाच खुणा ठरवल्या : प्रयत्न न करताच वर्षभरात साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड ढिली पडणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. तीन खुणा दिसल्या की व्यक्ती क्षीण. एक-दोन असतील तर क्षीणतेच्या उंबरठ्यावर. पाहणीत सुमारे ७ टक्के लोक क्षीण निघाले, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक. सात वर्षांत क्षीण गटातील ४३ टक्के माणसे मरण पावली; एकही खूण नसलेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के होते.

याच पाहणीतील आणखी एक निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. क्षीण ठरलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माणसांना ना अनेक जुनाट आजार होते, ना रोजच्या कामांत कुणाच्या मदतीची गरज. म्हणजे क्षीणता ही मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांची बेरीज नव्हे, आणि परावलंबनही नव्हे. बहुधा ती परावलंबनाच्या आधी येते.

कॅनडातील हॅलिफॅक्सचे केनेथ रॉकवूड आणि अर्नोल्ड मिटनित्स्की यांनी दुसरी वाट धरली : आजार, लक्षणे, अडचणी अशा अनेक उणिवांची यादी करायची आणि त्यांतील किती त्या व्यक्तीत आहेत, याचे गुणोत्तर काढायचे. दोन्ही पद्धती वापरात आहेत; कोणती सरस, यावर एकमत नाही.

स्नायू आणि आरोग्य : क्षीणतेच्या मुळाशी हार्मोनांतील बदल, शरीरातील मंद पण सततचा दाह आणि मंदावलेली भूक अशी अनेक कारणे सांगितली जातात, पण ती सगळी अखेर स्नायूंवर येऊन ठेपतात. स्नायू झिजले की चालणे कमी होते, चालणे कमी झाले की भूक मरते, आणि जेवण घटले की स्नायू आणखी झिजतात. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या पाहणीत (२०१५) हाताची पकड दर ५ किलोंनी कमी असेल, तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. धोक्याचा अंदाज देण्यात पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. दवाखान्यात रक्तदाब प्रत्येक वेळी मोजतात, पकड क्वचितच.

अंथरुणाचा फटकाही मोठा आहे. २००७ च्या एका छोट्या प्रयोगात निरोगी वृद्धांनी दहा दिवस केवळ पडून राहिल्यावर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले. ‘पडून राहा, आराम करा’ हा प्रेमाचा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

उपाय : बॉस्टनमधील एका वृद्धनिवासातील शंभर रहिवाशांवर मारिया फिआतारोने यांनी केलेला, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही वाचण्याजोगा आहे. सरासरी वय ८७. बहुतेकांची प्रकृती तोळामासा. त्यांतील काहींना दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांसाठी वजनाचा चांगला जोरकस व्यायाम दिला गेला. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग आणि जिने चढण्याची शक्ती वाढली. ज्यांना व्यायामाविना फक्त पौष्टिक पेय दिले, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तरीही आहार दुय्यम नाही : वृद्धांना रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञगट सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ला हवा. रात्री चहा-बिस्किटावर भागवणाऱ्या आजीला एवढी प्रथिने मिळत नाहीत.

मानसिक बाजू : नैराश्य, एकाकीपणा आणि विस्मरण क्षीणतेबरोबर वारंवार आढळतात.

भारत : मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ व त्यापुढील वयाच्या, त्यांच्या जोडीदारांसह, ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती झाल्या, पकड आणि चालही मोजली गेली.

ओळख : इंग्लंडमध्ये २०१७ पासून ६५ वर्षांवरील क्षीण रुग्ण हुडकणे हे सरकारी सेवेतील कुटुंबवैद्यांचे ठरलेले काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची हालचालीची प्राथमिक चाचणी साधी आहे : हात न वापरता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचे. १४ सेकंदांत जमले नाही, तर पुढील तपासणी आवश्यक.