स्टार ट्रेक डिस्कव्हरी : १२ वर्षं वाट, मग पैसे भरा
अंतराळयानाच्या प्रवासाची 'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत १९६६ पासून टीव्हीवर. २००५ ला 'एंटरप्राइज' बंद पडली, त्यानंतर १२ वर्षं नवी मालिकाच नाही. २४ सप्टेंबर २०१७ ला 'डिस्कव्हरी' आली. पहिला भाग सीबीएस वाहिनीवर दाखवला. पुढचे बघायला तेव्हा कंपनीच्या ऑनलाइन सेवेला महिन्याला ५.९९ डॉलर मोजावे लागत, तेही जाहिरातींसकट. पैसे घ्यायचे तर जाहिराती कशाला, हा चाहत्यांचा सवाल रास्तच. भारतात ती नेटफ्लिक्सवर आली. गोष्ट कॅप्टन कर्कच्या साधारण १० वर्षं आधीची, त्यामुळं जुनं जग ओळखू यावं एवढीच जुन्या प्रेक्षकांची अपेक्षा. पण क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढवय्यांचे चेहरेच बदललेले निघाले, अन् बरेच जण नाराज झाले. तरी मालिका २०२४ पर्यंत ५ सीझन चालली.