उजनीकाठचे पाहुणे

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, की फराळाला बसण्यापूर्वी उजनीच्या काठाने एक फेरी मारून यायची, हा आम्हां टेंभुर्णीकरांपैकी निदान माझा तरी जुना परिपाठ. घरची मंडळी म्हणतात, "पाहुणे दारी यायचे, तर हे पाहुणे धुंडाळायला निघाले!"

हे पाणी काही पुरातन नव्हे. भीमेवरच्या या धरणाची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली आणि १९८० साली ते पुरे झाले. जलाशयाला नाव मिळाले यशवंतसागर. त्यापूर्वी येथे मळीची राने होती, गावे होती, देवळे होती. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे प्राचीन देऊळ पाणी फार ओसरले म्हणजे अजून डोके वर काढते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले होते.

माणसे उठून गेली आणि पक्षी राहायला आले. त्यातला मानकरी रोहित. लांब मान वाकवून, चोच उलटी करून हा पक्षी चिखलपाणी गाळतो आणि शेवाळ व बारीक जलजीव तेवढे टिपतो. पंखांची गुलाबी लाली त्या खाण्यातूनच येते! त्याला पाणी गुडघाभरच हवे. म्हणून दिवाळीत, धरण तुडुंब असता, तो बहुधा दिसत नाही. पुढे कालव्यांतून पाणी ऊसाकडे जाऊ लागते, जुन्या शेतांचा उतार उघडा पडतो, तेव्हा भिगवण-कुंभारगावाकडे त्याची पंगत बसते. पण उपसा बेताबाहेर गेला, की पंगतही उठते. एकूण सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी ६३ अब्ज घनफुटांच्या आसपास मृतसाठा. दुष्काळात त्यालाही हात लागतो. तहानलेल्या माणसाला रोहिताची सबब कोण सांगणार? मला तरी ते धैर्य नाही.

या पाखरांना मराठी नावे मिळवून देण्यात सोलापूरचेच मारुती चितमपल्ली यांचा वाटा मोठा. १९३२ साली जन्मलेले हे वनाधिकारी २०२५ साली सोलापुरातच निवर्तले. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणावे, हे त्यांनी शिकविले. तो शब्द उच्चारताना मला अजून जीभ जपावी लागते, ते असो.

परवाच्या फेरीत रोहित नव्हताच. तिबेटाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही अद्याप पोचले नव्हते. काठालगत चक्रवाकांची एकच नारिंगी जोडी होती. कालिदासाने रात्री ताटातूट करून ठेवलेली ही दोघे सकाळी मात्र एकमेकांशेजारी निवांत चरत होती. मी बराच वेळ बसून राहिलो. घरी पोचेतो चकल्या गार झाल्या होत्या.