बालपणातील वंचना, संगोपन आणि गुन्हेगारी

बालपणीची हलाखी, आईवडिलांचा वियोग आणि घरातली मारझोड यांचा पुढे घडणाऱ्या गुन्ह्यांशी काय संबंध असतो, हा गुन्हेगारीशास्त्रातील जुना प्रश्न आहे. सोलापुरात त्याचे उत्तर ब्रिटिश सरकारने आधीच गृहीत धरले होते. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा १८७१ चा. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात सेटलमेंटचे, म्हणजे या जमातींसाठीच्या बंदिस्त वसाहतींचे, जाळे वाढले. सोलापूरची सेटलमेंट त्यांतील एक प्रमुख. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे तिथे काटेरी तारांच्या आत ठेवली गेली. हजेरी सक्तीची, परवानगीशिवाय बाहेर पडण्यास बंदी आणि पोटासाठी गिरणीचे काम, असा तेथील दिनक्रम होता. काही काळ तिचे व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडे होते. चोरी आईबापांकडून मुलांत उतरते, या समजुतीने कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना पालकांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला.

पुढील संशोधनाने नेमक्या या ताटातुटीकडेच बोट दाखवले. जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये लंडनमधील ४४ बालचोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या भावनाशून्य म्हणून नोंदलेल्या १४ मुलांपैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. नमुना लहान, निवडही सदोष. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये वियोगापेक्षा घरातील कलह आणि जिव्हाळ्याचा अभाव अधिक महत्त्वाचा ठरवला. दक्षिण लंडनमधील ४११ मुलांच्या, १९६१ पासून चाललेल्या पाहणीत गरिबी, निष्काळजी देखरेख आणि पालकांची गुन्हेगारी पुढील शिक्षांशी जोडलेली आढळली. कॅथी विडम यांच्या १९८९ च्या अभ्यासात छळ वा उपेक्षा सोसलेल्यांपैकी २६ टक्के जणांना अल्पवयात अटक झाली होती, इतरांत हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य पीडित मुलांना अल्पवयात अटक झालीच नाही.

अशा अभ्यासांत गुन्हा मोजला जातो तो बहुधा पोलीस दप्तरावरून. सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ज्या वस्तीतील माणसांवर जन्मापासूनच दप्तरात गुन्हेगार असा शिक्का आहे, तिथे हे मोजमाप फारच कच्चे ठरते.

मुंबई प्रांतात १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. मात्र १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याने मुंबई राज्यात नोंदणीची पद्धत व्यक्तीपुरती चालू ठेवली. सोलापुरातील सेटलमेंट फ्री कॉलनी त्या जुन्या वसाहतीचे नाव आजही वागवते. मुलांना पालकांपासून तोडणाऱ्या त्या कायद्याच्या उलट, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाचा विचार आधी कुटुंबात ठेवूनच करायचा असून संस्थेत पाठवणे हा शेवटचा उपाय आहे.