टोपी घातलेला कोंब

खिडकीतल्या कुंडीतले रोप उजेडाकडे झुकते. का, असे वर्गात विचारले की आठवी-नववीची मुले 'ऑक्झिन' असे सांगून मोकळी होतात. उत्तर चूक नाही. पण या एका शब्दापर्यंत पोचायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि ती वाट शब्दापेक्षा अधिक शिकवणारी आहे.

चार्ल्स डार्विन म्हातारपणी इंग्लंडमधल्या डाऊन गावच्या घरी मुलगा फ्रान्सिस याच्यासह वनस्पतींच्या हालचाली पाहत होता. पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यांना ज्या गवताचे बी घालतात, त्याचे कोंब त्यांनी घेतले. कोंब वाकतो तो टोकाच्या बराच खाली. मग उजेड कळतो कुठे? टोक छाटले तर कोंब वाकेना. पण जखमेमुळेच तो वाकत नसेल कशावरून? म्हणून त्यांनी टोकांवर टोप्या चढवल्या. काळ्या टोपीखालचा कोंब सरळच वाढला, पारदर्शक काचेच्या टोपीखालचा वाकला. उलट, खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरून टोक उघडे ठेवले, तरी तो भाग वाकला! उजेड टोकाला कळतो आणि तिथून काहीतरी 'निरोप' खाली जातो, असे बापलेकांनी १८८० साली पुस्तकात लिहिले.

जर्मनीतले नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ सॅक्स यांना हे पटले नाही. गुरुत्वाची जाण मुळाच्या टोकाला असते, हा डार्विनचा दावा तर त्यांनी हौशी माणसाचे कच्चे प्रयोग म्हणून उडवून लावला. फ्रान्सिस त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आलेला होता, त्यामुळे हा घाव जास्तच लागला असणार. पुढे डार्विनचेच खरे ठरले. ते पाहायला तो मात्र नव्हता, १८८२ मध्येच वारला.

निरोप म्हणजे नेमके काय? डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सन यांनी कापलेले टोक मध्ये जिलेटीन ठेवून परत बसवले, निरोप पोचला. अंधाऱ्या बाजूला अभ्रकाचा पातळ तुकडा खोचला, तेव्हा मात्र अडला. म्हणजे तो पदार्थ होता, आणि सावलीच्या बाजूने उतरत होता. १९२६ साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांची टोके अगारच्या तुकड्यांवर ठेवली, मग ते नुसते तुकडे छाटलेल्या कोंबांवर एका कडेला बसवले. अंधारातही कोंब दुसऱ्या बाजूला वाकले. हेच ऑक्झिन. सावलीच्या बाजूला ते जास्त साचते, तिथल्या पेशी अधिक लांबतात.

निळा प्रकाश टिपणारे प्रथिन हाती लागायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले.

टोप्यांचा प्रयोग आपण गव्हावर करू शकतो. खोक्याला एका बाजूने भोक पाडायचे, चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या करायच्या. कोंबातून पहिले पान बाहेर पडण्याआधीच टोप्या घाला. पान फुटले की तो कोंब बाद.