डबे तेच, इंजिन नवं

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली काड्यापेटीपेक्षा लहान चिप. पेटीचं नाव कॅबिनेट. तिच्या मागच्या कोपऱ्यात पंखा लावलेला एक जड डबा असतो, तो एसएमपीएस. भिंतीतली 230 व्होल्ट वीज घेऊन तो आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवतो. संपादक मंडळानं 'तुझ्या क्षेत्राचा इतिहास लिही' म्हटलं, म्हणून या दोन दुर्लक्षित वस्तूंचा लिहिते आहे. सॉफ्टवेअरचा लिहिला असता तर आपल्या सरांनी दुसरं पान उलटलं नसतं.

आयबीएमनं 1981 साली पीसी आणला आणि 1984 साली पीसी-एटी. त्याची तांत्रिक माहिती कंपनीनं पुस्तकरूपात छापली होती. ती वाचून इतरांनी त्याच मापांचे बोर्ड आणि पेट्या बनवायला सुरुवात केली. स्क्रूची भोकं कुठे, वायरींचा जोड कसा, हे सगळं ठरून गेलं. त्याच सुमारास सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. त्यांत कीबोर्ड, बोर्ड आणि वीजपुरवठा एकाच खोक्यात बंद होता. तो जुना झाला की सगळाच जुना. एटीचं तसं नव्हतं. 486 काढून पेंटियम बसवा, पेटी तीच, एसएमपीएस तोच. बंडीची धाव झिजली म्हणून आपल्याकडे कोणी बंडी टाकत नाही. हा हिशेब दारव्ह्याच्या माणसाला कोणी शिकवावा लागला नाही.

मी पुसदला इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा 'असेंबल्ड' हा शब्द रोज कानावर पडायचा. कंपनीचा कॉम्प्युटर घेणं परवडत नसे. ओळखीतला एखादा मुलगा नागपूरला सीताबर्डीवर जाऊन सुटे भाग आणायचा आणि एका संध्याकाळी जोडून द्यायचा. कॅबिनेट घेतलं की एसएमपीएस आत लावलेलाच यायचा. त्याची वेगळी किंमत कोणी विचारत नसे, आणि त्यामुळेच पुढे घोळ झाला.

जुन्या एटी बोर्डाला वीज देणारे दोन सारखेच जोड असत, प्रत्येकी सहा वायरींचे. ते उलटसुलट बसू शकत आणि तसे बसले की बोर्ड जळे. म्हणून जोडणाऱ्यांचा एकच मंत्र होता : काळ्याशेजारी काळी. दोन्ही जोडांच्या काळ्या वायरी मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. शिवाय पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट आलेले असत. विंडोज 95 बंद केल्यावर पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. मग आपण हातानं बटण दाबायचो.

इंटेलनं 1995 साली एटीएक्स हे नवं माप जाहीर केलं. वीस वायरींचा एकच जोड, उलटा बसूच न शकणारा. बटण आता फक्त इशारा देऊ लागलं आणि कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊ लागला. एटीच्या पेट्या इथे अडल्या. पण एटीएक्सची भोकं आजही त्याच जागी आहेत. 1997 साली आलेला मायक्रो एटीएक्स हा 244 मिलिमीटर चौरस बोर्डही त्यातलीच काही भोकं वापरतो. म्हणजे 1999 सालच्या धड पेटीत आजचा बोर्ड बसतो. मागचा जोडण्यांचा पत्रा तेवढा बदलायचा, आणि तो बोर्डाच्या खोक्यातच येतो.

पेटी टिकली, पण एसएमपीएसचं तसं झालं नाही. आपल्याकडे दोघांना एकच वस्तू समजण्याची सवय लागली होती, म्हणून हा फरक लक्षातच आला नाही. पेंटियम 3 पर्यंत चिपची वीज मुख्यतः 5 व्होल्टच्या वायरीतून येत असे. पुढच्या चिपची भूक वाढली. 60 वॉट 5 व्होल्टनं द्यायचे तर 12 अँपियर वाहावे लागतात, 12 व्होल्टनं दिले तर पाचच. वायरी कमी तापतात. म्हणून पेंटियम 4 बरोबर, 2000 साली, चार वायरींचा 12 व्होल्टचा वेगळा जोड आला. 2003 साली वीसचे चोवीस झाले. जुन्या डब्यावर 300 वॉट लिहिलेलं असलं तरी त्यातला बराच वाटा 5 आणि 3.3 व्होल्टचा असतो, आणि आजच्या बोर्डाला हवे असतात 12. बाजारात जोड बदलून देणारी वायर मिळते. ती लावली की जोड बसतो, पण डब्याची ताकद वाढत नाही.

आपल्या भागाला हे चांगलं समजावं. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, 1923 पासून चाललेलं. एप्रिल 1994 मध्ये ते काढून डिझेल लावलं, आपण तेव्हा आठवीत होतो. दारव्हा मोतीबाग स्टेशनावर नवं इंजिन बघायला कोण कोण गेलं होतं ते आठवा. इंजिन बदललं, पण त्यालाही जुन्या रुळांच्या बेतानंच धावावं लागलं.

शिवाय एसएमपीएसला वय असतं. आतल्या कपॅसिटरमधला द्रव उष्णतेनं वाळत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. यवतमाळचा मे महिना, पंख्याच्या जाळीत अडकलेला कापसाचा भुगा, भारनियमनात दिवसातून कितीदा तरी जाणारी-येणारी वीज. एमएस-सीआयटीच्या काळात तालुक्यातालुक्यांत वर्ग निघाले, तिथल्या पेट्यांनी हे सगळं सोसलं. मरणारा एसएमपीएस कधीकधी बोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेतो. आणि प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात 300 व्होल्टच्या वर साठा काही वेळ राहतो. कुतूहलापोटीसुद्धा तो डबा उघडायचा नाही.

हे सगळं आठवायचं कारण, शाळेच्या कॉम्प्युटर खोलीसाठी आपल्या बॅचनं काढलेली वर्गणी. ग्रुपवर दोन मतं आहेत. एक म्हणतं, सगळं भंगारात द्या. दुसरं म्हणतं, बोर्ड तेवढे बदला, बाकी चालतंय. दिवाळीत मी खोली बघून आले. बारा पेट्या आहेत. पत्रा जाड, भोकं एटीएक्सची, गंज नाही. त्या टाकायचं काही कारण नाही. बाराही एसएमपीएस मात्र काढावेत, चालू असलेलेसुद्धा, आणि ते भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला द्यावेत. त्या पेट्यांना हात लावणार आहेत ती पाचवी-सहावीची मुलं. खर्चाच्या यादीत बोर्ड, रॅम आणि एसएसडी आहेत. नवीन एसएमपीएससाठी वेगळी ओळ अजून नाही. बिल ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती घालावी. अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावं. त्याचे पैसे मी देते.